मावशींच्या प्रश्नाचं देणं

ती बाटली अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तपकिरी काचेची, रुंद तोंडाची. आत फिक्या पिवळट रंगाची पूड आणि बाहेर टंकलेखन यंत्रावर छापलेली चिठ्ठी : सोडियम टॉरोकोलेट. पावसाळ्यात झाकण जरा सैल राहिलं की पूड ओल धरायची आणि तिचे खडे व्हायचे. मावशी तिला ‘पित्ताची बाटली’ म्हणायच्या. नाव अगदी नेमकं होतं, कारण त्या पुडीत पित्तातलेच क्षार होते.

1985 च्या जूनमध्ये मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागले. बी.एस्सी.ला मायक्रोबायॉलॉजी घेतलं होतं, वर डी.एम.एल.टी. केलं होतं. वय बावीस. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याचं छप्पर टाकलेली धुण्याची जागा. त्या मागच्या जागेवर मावशींचं राज्य होतं. कागदोपत्री त्या परिचर. काचसामान धुणं, ऑटोक्लेव्ह लावणं, मिडिया शिजवताना ढवळत बसणं, वॉर्डातून सँपल आणणं, ही त्यांची कामं. शाळा चौथीपर्यंत झालेली. सकाळी आल्या की त्या आधी इन्क्युबेटरचा तापमापक बघायच्या आणि मगच पदर खोचून कामाला लागायच्या. तापमापक बघणं त्यांच्या कामात नव्हतं. रात्री वीज गेली असेल तर प्लेटा वाया गेल्या की राहिल्या, हे त्यांना आमच्या आधी माहीत असायचं.

मॅककॉंकी ॲगर हे जंतू वाढवायचं माध्यम प्लेटीत ओतायला मला त्यांनी शिकवलं. पुस्तकात लिहिलेलं असतं की पंचेचाळीस-पन्नास अंशांपर्यंत थंड होऊ द्या आणि ओता. मावशी फ्लास्क गालाला लावून बघायच्या. “गालाला सोसलं की प्लेटीला सोसतं,” म्हणायच्या. त्याच्या आधी ओतलं तर झाकणाला वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी कॉलन्या पाण्यात पसरतात. उशीर झाला तर फ्लास्कातच गाठी होतात. पुढे तीस वर्षं मी मुलामुलींना हे शिकवलं, गालाला फ्लास्क लावूनच.

आता प्रश्नाकडे येते.

1986 चा श्रावण. टायफॉइडचे दिवस होते. तापाच्या रुग्णाचं रक्त घेऊन आम्ही ते बाइल ब्रॉथच्या बाटलीत सोडायचो. पित्तक्षार घातलेलं ते द्रावण. रक्ताची जंतू मारण्याची ताकद त्यात मंदावते, पेशी फुटून आत दडलेले जंतू बाहेर येतात आणि टायफॉइडचा जंतू निवांत वाढतो. दोन दिवसांनी त्यातला थेंब मॅककॉंकीच्या प्लेटवर. त्या दिवशी बऱ्याच बाटल्या भरायच्या होत्या. मी क्षार विरघळवून फ्लास्क मोरीत ठेवला आणि माझ्या कामाला लागले. थोड्या वेळानं मावशींनी हाक मारली.

“ताई, जरा इकडं या. ह्यात मी साबण घातला नाही. तरी बघा.”

फ्लास्क गळ्यापर्यंत फेसानं भरला होता. नळाचं नुसतं पाणी सोडून त्यांनी तो हलवला होता. शेजारी त्यांच्या डब्याचं झाकण पडलेलं होतं, शेंगदाण्याच्या चटणीचं तेल लागलेलं. त्यांनी त्यावर तो फेस ओतला, बोट फिरवलं, धुतलं. तेल गेलं.

“आन् काविळीच्या लघवीवर आपण गंधक टाकतो,” त्या म्हणाल्या, “ते बुडतं. बरोबर? साध्या लघवीवर तरंगतं.”

बरोबर होतं. हेची चाचणी ती. लघवीत पित्तक्षार उतरले असतील तर पाण्याचा ताण कमी होतो आणि गंधकाची पूड तळाला जाते.

“साबणाच्या पाण्यावर पण बुडतं. मी टाकून बघितलंय.”

मी गप्प झाले. मला दोन वर्षं कॉलेजात ‘कंट्रोल’ म्हणजे काय ते शिकवलं होतं, आणि ह्या बाईंनी कुणीही न सांगता कंट्रोल लावून बघितला होता. पण त्या तिथं थांबल्या नाहीत.

“म्हंजे पित्त हा साबणच झाला. आन् साबणानं जंतू मरतेत म्हणून तर तुमी आमाला घडी घडी हात धुवायला लावता. मग ह्या प्लेटीत साबण घालून तुमी त्याच्यावर जंतू कसं काय वाढवता?”

मी म्हणाले, “त्यांना सवय असते, मावशी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाल्या आणि नळ सोडला.

माझ्या आयुष्यात मी अनेकांना चुकीची उत्तरं दिली असतील. हे एक मला आजही बोचतं, पण ते चुकीचं होतं म्हणून नव्हे. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे म्हणायची मला लाज वाटली. समोर प्रश्न घेऊन उभं असलेलं माणूस धुणंभांडं करणारं होतं म्हणून मी ते उत्तर पुरेसं धरलं. डॉक्टरांनी तेच विचारलं असतं तर मी पुस्तक उघडलं असतं.

पुस्तकात तरी काय होतं? अर्धं उत्तर होतं. आल्फ्रेड मॅककॉंकी हा इंग्लंडमधला जंतुशास्त्रज्ञ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांडपाण्याच्या तपासणीसाठी त्याला असं एक माध्यम हवं होतं, ज्याच्यावर आतड्यात राहणारे जंतू वाढतील आणि बाकीची गर्दी गळून पडेल. त्यानं पित्तक्षार घातले. 1905 साली लॅक्टोज आंबवणाऱ्या जंतूंवरचा त्याचा मोठा लेख आला, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत त्याच्या नावाची प्लेट ओतली जाते. युक्ती साधी आहे. जो जंतू आपल्या आतड्यात राहतो तो रोज पित्तात न्हातो. पित्तात जो टिकतो, तोच आतड्यातला. मावशींच्या प्रश्नावरच ही प्लेट उभी आहे. फक्त तो कसा टिकतो, हे मॅककॉंकीला सांगायची गरज नव्हती, आणि 1986 मध्ये माझ्या पुस्तकालाही ते पुरतं सांगता येत नव्हतं. ह्या जंतूंना दोन पदरी भिंत असते, बाहेरचा पदर पित्ताला अडवतो, एवढं लिहिलेलं होतं. पण अडवणं म्हणजे थोपवणं नव्हे. त्या बाहेरच्या पदरात बारीक बारीक दारं असतात; त्यातूनच जंतूचं अन्न आत येतं. पित्तही हळूहळू येणारच. मग आत आलेल्या साबणाचं पुढे काय होतं?

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक बाई आमच्याकडे आल्या. एका वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. तिथली मुलं पाठोपाठ टायफॉइडनं आजारी पडली होती आणि ह्या बाईंना मात्र काही होत नव्हतं. त्यांच्या विष्ठेच्या कल्चरमध्ये जंतू तीन वेळा सापडला. पोटात उजवीकडे दुखायचं, पित्ताशयात खडे होते. शस्त्रक्रियेत पित्ताशय काढलं आणि थिएटरमधून एका परीक्षानळीत त्यातलं पित्त आमच्याकडे आलं. ते मावशींनीच आणलं. काळपट हिरवं, काकवीसारखं दाट. नळी तिरकी केली की काचेला तार धरायची.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त करतं. पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेऊन ते घट्ट करतं. म्हणजे आपल्या शरीरात पित्ताची सगळ्यात कडक जागा तीच. मी लूप तापवला, गार केला, त्या काळ्या पित्तात बुडवून प्लेटवर रेघोट्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा मावशी मागे उभ्या होत्या. प्लेटवर गुलाबी ठिपका एकही नव्हता. सगळ्या फिक्या कॉलन्या, काचेवर दव पडावं तशा, सारख्या आकाराच्या, शेवटच्या रेघेवर सुट्या सुट्या. लॅक्टोज न आंबवणारा जंतू असाच रंगहीन दिसतो. पुढच्या चाचण्यांनी नाव पक्कं झालं ते नंतर, पण आम्हा दोघींना तेव्हाच कळलं होतं.

“पित्ताच्या टाकीतच राहायला होता की हा,” मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

ह्या वेळी मी सवयीचं नाव काढलं नाही.

त्या बाई वॉर्डात नऊ दिवस होत्या. त्यांच्यामुळे मुलं आजारी पडली ही बातमी पसरली होती आणि त्यांच्या खाटेजवळ कुणी बसत नव्हतं. मावशी रोज दुपारी आपला डबा घेऊन तिथं जायच्या. हात कसे धुवायचे, किती वेळ चोळायचे, नखांत काय राहतं, हे त्यांनी त्या बाईंना शिकवलं. माझ्यादेखत त्या एकदा म्हणाल्या, “तुज्यात जंतू राहायला आला, त्यात तुजं काय चुकलं? भाडेकरू नको असला तरी शिरतो.” न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट मी नंतर वाचली. तीही स्वयंपाकीण. 1907 साली तिच्यात हाच जंतू सापडला. पित्ताशय काढायला ती तयार झाली नाही आणि आधी तीन वर्षं, पुढे 1915 पासून 1938 साली मरेपर्यंत तिला एका बेटावर एकटं ठेवलं. जगानं तिला ‘टायफॉइड मेरी’ हे नाव दिलं. मेरीविषयी वाचताना मला दर वेळी आमच्या वॉर्डातली ती खाट आठवते, आणि खाटेशेजारच्या स्टुलावर डबा उघडून बसलेल्या मावशी.

1988 मध्ये मी ती नोकरी सोडली. पुण्याला एम.एस्सी. केलं आणि तिथंच एका महाविद्यालयात शिकवायला लागले. मी गावाहून निघताना मावशींनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि त्यांनी स्वतः वाकवून केलेला नायक्रोमचा एक लूप दिला. तो माझ्याकडे आहे.

अभ्यासक्रमात मला स्टुअर्ट लेव्ही भेटले. अमेरिकेतले डॉक्टर. त्यांच्या गटानं 1980 मध्ये दाखवलं होतं की काही जंतू टेट्रासायक्लिन हे औषध मोडत नाहीत, बदलत नाहीत. ते आत आलं की सरळ बाहेर फेकतात. उपसून टाकतात. मला ते वाचताना नवल वाटलं, पण मावशींचा प्रश्न त्याला जोडायचं सुचलं नाही. एका औषधाला एक पंप, असं मी मनात धरून बसले.

1998 च्या उन्हाळ्यात, सुट्टीतल्या एका रिकाम्या दुपारी, मी ग्रंथालयात बांधीव अंक चाळत बसले होते. आदल्या वर्षीच्या जीवाणूशास्त्राच्या एका नियतकालिकात मथळा दिसला. ई. कोलाय पित्तक्षार बाहेर उपसतो, अशा अर्थाचा. लेखक तिघं, त्यात बर्कलीचे हिरोशी निकाइदो. मी तो लेख उभ्यानंच वाचला. पंप मोडलेल्या जंतूंत पित्तक्षार आत साठत जातात आणि पंप शाबूत असेल तर साठत नाहीत, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. भिंत आत येणाऱ्याचा वेग कमी करते आणि पंप आलेलं बाहेर काढतो. एकटी भिंत पुरत नाही, एकटा पंपही पुरत नाही. होडीला भोक बारीक हवं आणि हातात पाणी उपसायला भांडंही हवं, तेव्हा होडी तरते.

ह्या पंपाची नावं ऐकली की त्याची हकिगत कळते. एक भाग एसीआर, कारण तो बिघडला की जंतू ॲक्रिफ्लेविन नावाच्या पिवळ्या रंगाला बळी पडतो. दुसरा टोलसी, कारण तो नसला तर जंतू कोलिसिन नावाचं विष सोसतो. म्हणजे ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या समोर पित्त नव्हतंच. कुणाला रंगाचा पंप दिसला, कुणाला विषाची वाट दिसली, पुढे कुणाला औषधांचा पंप दिसला. क्रिस्टल व्हायोलेट, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसिन, साबणासारखी द्रव्यं, सगळं तो एकच पंप बाहेर टाकतो. पण जंतूनं तो काही आपल्या औषधांसाठी घडवला नव्हता. आपली औषधं गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतली. पित्त त्याच्या वाट्याला किती युगांपासून आलंय! आतड्यात राहायचं तर पित्त उपसावंच लागतं. औषधं त्या जुन्या मोरीतूनच वाहून जातात.

त्या रात्री मी मावशींना आंतर्देशीय पत्र लिहिलं. बारा वर्षांनी. लिहायला बसले आणि अडखळले. एफ्लक्स, ट्रान्सपोर्टर, पेरिप्लाझम, ह्यातला एकही शब्द त्यांच्या पत्रात चालणार नव्हता, आणि ते शब्द काढल्यावर माझ्याजवळ काय उरतं ते मला प्रथमच कळत होतं. तीन कागद फाडले. शेवटी लिहिलं : ‘मावशी, तुम्ही विचारलं होतं की जंतू साबणात कसा जगतो. मी सवय म्हणाले होते. ते मला माहीत नव्हतं म्हणून म्हणाले. आता उत्तर सापडलंय. साबण त्याच्या आत शिरतो, पण त्याच्या भिंतीत उपसणी बसवलेली असते. आलेला साबण तो सारखा बाहेर उपसत राहतो. थांबला तर मरेल.’

पुढे वर्गात शिकवताना मी कायम आधी मनात ते मावशींना पत्रात कसं लिहीन ते बघायचे. ज्या दिवशी ते जमायचं नाही, त्या दिवशी माझं मलाच कळलेलं नसायचं.

त्यांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं, मुलाच्या अक्षरात. खुशाली, पाऊस, सुनेचं बाळंतपण, आणि शेवटी : ‘आई विचारते की पित्त वेगळं, रंग वेगळा, औषध वेगळं, तर एकच उपसणी हे सगळं ओळखते कशी? आमच्या चाळणीतून तर एकाच मापाचं खाली जातं.’

हा प्रश्न तेव्हा जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत विचारला जात होता. मी हे कौतुकानं सांगत नाही, जसं आहे तसं सांगते. कुलपाला एकच किल्ली लागते हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवतो, आणि इथं एक कुलूप कुठल्याही किल्लीनं उघडत होतं.

उत्तर टप्प्याटप्प्यानं आलं. 2000 मध्ये केंब्रिजच्या गटानं टोलसीची रचना उकलली. चौदा नॅनोमीटर लांबीची एक पोकळ नळी, भिंतीच्या आतल्या पोकळीतून थेट जंतूच्या बाहेर जाणारी. 2002 मध्ये जपानमध्ये एसीआरबीची, म्हणजे एसीआरमधल्या खऱ्या पंपाची, रचना मिळाली, आणि 2006 मध्ये ओसाकाच्या त्याच गटानं तो चालतो कसा ते दाखवलं. पंपाचे तीन सारखे भाग एकमेकांना खेटून बसलेले असतात, पण एका क्षणी तिघांची स्थिती सारखी नसते. एकाचं तोंड उघडं, आत काही येऊ द्यायला. दुसऱ्यानं ते पोटात धरलेलं. तिसरा ते वरच्या नळीत ढकलतोय. पुढच्या क्षणी पाळी बदलते. आणि जिथं धरतात ती जागा घट्ट खाच नसून ऐसपैस खिसा असतो, तेलकट अंगाच्या अनेक वस्तूंना कुठे ना कुठे टेकायला जागा देणारा. ताकद कुठून? जंतूच्या आतल्या पडद्याबाहेर हायड्रोजनचे आयन साठलेले असतात आणि ते आत यायला बघत असतात. उतारावरून येणाऱ्या पाण्यावर जातं फिरावं, तसा त्यांच्या आत येण्यावर हा पंप फिरतो.

2007 च्या फेब्रुवारीत मी त्या गावी गेले, मुद्दाम. मावशी निवृत्त झाल्या होत्या, केस पिकले होते, गुडघे धरले होते. अंगणात कोंबड्या, तुळस, भिंतीला टेकवलेलं मुसळ. त्यांनी मला बघितलं आणि पहिल्यांदा एकेरीत म्हणाल्या, “आलीस? बस.” मी वहीतून रंगीत खडूंनी काढलेलं चित्र दाखवलं. एक हिरवा, एक पिवळा, एक निळा, असे तीन भाग, मधून वर जाणारी नळी. कसं आत येतं, कसं धरलं जातं, कसं ढकललं जातं, ते बोट फिरवून सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चित्र गुडघ्यावर घेतलं. बराच वेळ बघितलं.

“ह्या तिघी कांडायल्यात,” त्या म्हणाल्या.

मला कळेना. मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि सुनेला आणि नातीला हाक मारली. उखळाभोवती तिघी उभ्या राहिल्या. मुसळ एकच होतं, म्हणून दोघींनी नुसते हात केले. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली येतंय, एकीचं आत बसलेलं. ठेका धरला की एकही एकमेकीला आपटत नाही, आणि तिघींतली एक थांबली तर उरलेल्या दोघींचा ठेका मोडतो. “लग्नाची हळद असंच कांडायचो,” त्या दम खात म्हणाल्या. “एकीनं कांडलं तर दिवस जातो.”

ह्या पंपाची चलतचित्रं मी पुढे संगणकावर कितीतरी बघितली. वर्गात मी आजही तीन मुलींना उभं करते.

मावशी 2011 च्या हिवाळ्यात गेल्या. त्यानंतरही मी पत्रं लिहीत राहिले, वहीत. त्यातली दोन इथं सांगावीशी वाटतात.

पहिलं 2019 च्या सुरुवातीचं. ‘मावशी, माझं ते सवयीचं उत्तर आठवतं? जपानी शास्त्रज्ञांना साल्मोनेलात, म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या कुळात, रॅमआर नावाचा एक पहारेकरी सापडलाय. तो एरवी पंप बनवण्याच्या हुकुमावर हात ठेवून बसलेला असतो. पित्तातलं आम्ल आलं की ते ह्या पहारेकऱ्यालाच चिकटतं, त्याचा हात सुटतो, आणि जंतू जास्त पंप बनवायला घेतो. म्हणजे पित्ताचा वास लागला की तो बाह्या सरसावतो. मी तेव्हा न कळता बोलले होते, पण त्या शब्दात थोडं खरं निघालं. म्हणून माझं बोलणं खरं ठरत नाही.’

दुसरं 2019 च्या शेवटचं. ते लिहिताना माझा हात जड झाला होता. तुमच्या-माझ्या काळात टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल होतं, असं मी त्यात सुरुवातीला लिहिलं. 1990 च्या आसपास ते, ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमोक्साझोल, तिन्ही एकदम निकामी करणारा जंतू आपल्याकडे पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही बोथट झालं. 2016 पासून पाकिस्तानच्या सिंधमध्ये असा टायफॉइड फैलावला की तोंडानं घ्यायच्या औषधांत ॲझिथ्रोमायसिन एवढंच हाताशी राहिलं. आधीच्या औषधांच्या बाबतीत जंतूच्या युक्त्या बहुतेक वेगळ्या होत्या; कुठे औषध निकामी करणारं विकर, कुठे औषधाचं लक्ष्यच बदललेलं. पण ढाक्याच्या शास्त्रज्ञांना ॲझिथ्रोमायसिनला दाद न देणारे टायफॉइडचे जंतू सापडले, आणि त्यांच्यात बदल कुठे झाला होता? एसीआरबीत. आपल्या त्या तिघींत. हजाराहून जास्त मण्यांच्या माळेतला 717 वा मणी बदलला होता, आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन. एवढ्यानं तो पित्ताचा पंप ते औषध अधिक जोरानं बाहेर फेकायला लागला. मोरीत फेसाळलेला फ्लास्क धरून तुम्ही जो प्रश्न विचारला होता, त्याच्या पोटात हे सगळं होतं, मावशी.

त्याच पत्रात मी त्यांना एक बरी बातमीही दिली. नातू नोकरीसाठी नवी मुंबईत होता. 2018 मध्ये तिथल्या महापालिकेनं मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस द्यायची मोहीम काढली, देशात सरकारी पातळीवर पहिली. पहिल्या टप्प्यातच लाखावर मुलांना लस मिळाली. मावशींच्या पणतीचा दंड दोन दिवस दुखला, तिच्या आईनं मला फोन करून विचारलं, आणि मी गरम पाण्याचा शेक नको, ओला रुमाल ठेव म्हणून सांगितलं. ही लस पंपाच्या वाटेला जात नाही; ती जंतूच्या अंगावरचं पांघरूण शरीराला ओळखायला शिकवते. पंप कितीही चालू दे, ओळख पटलेला जंतू उंबरठ्यावरच अडतो.

2007 च्या त्या भेटीतली एक गोष्ट मी शेवटी ठेवली आहे.

संध्याकाळच्या एस.टी.नं मला परत जायचं होतं. गुडघे दुखत असताना त्या स्टँडवर आल्या, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. मी खिडकीशी बसले. कंडक्टर चढला, घंटी वाजायची होती, तेवढ्यात त्या खिडकीखाली आल्या आणि वर मान करून म्हणाल्या,

“एक राहिलंच. ह्या तिघींचा ठेका मोडायचं औषध काढलंय का कुणी? एकीचं मुसळ जरी धरून ठेवलं, तर पित्तानंच मरतील की ते.”

मला त्या क्षणी सगळं आठवलं. ‘कॅम्पायलोबॅक्टर’ नावाच्या जंतूचा असाच पंप मोडला तर तो कोंबडीच्या आतड्यात घर करू शकत नाही, हे 2003 मध्ये दाखवलेलं होतं. त्या अंगणातल्या कोंबड्या बघताना मी ते त्यांना सांगायचं ठरवलं होतं आणि विसरले होते. पंप अडवणारं एक द्रव्य प्रयोगशाळेत 2001 पासून होतं. काचेच्या नळीत ते काम करायचं, पण माणसाच्या शरीराला विषारी होतं, त्यामुळे त्याचं औषध झालं नव्हतं. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं आणि एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. मी इतकंच म्हणाले,

“नाही मावशी. मला माहीत आहे तेवढ्यात तरी नाही निघालं अजून.”

त्यांनी मान हलवली. ‘बरं’ म्हणाल्या नाहीत. दशम्यांचं फडकं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, “मग वाचत राहा. आन् निघालं की मला कळव.”